अगरवूडचं रोप लावलं की अत्तर मिळतं? लाकडातून सुगंधी तेल कसं निघतं, जाणून घ्या

वांगणी : बदलापूर सोडून लोकल वांगणीकडे निघाली की भातखाचरं आणि फार्महाऊसचे प्लॉट दिसू लागतात. अशा प्लॉटवर काय लावायचं, असा प्रश्न पडलेल्यांच्या मोबाइलवर चंदन आणि अगरवूडच्या रोपांच्या जाहिराती येत असतात. पण झाड आणि तेलाची बाटली यांच्यामध्ये काय घडावं लागतं, ते जाहिरातीत नसतं.

आधी अगर. याचं निरोगी लाकूड फिकट, हलकं आणि जवळपास वासहीन असतं. खोडाला जखम झाली, अळीने पोखरलं, आत बुरशी शिरली, की झाड बचावासाठी गडद राळ तयार करतं. सुगंध त्या राळेचा! म्हणजे दहा वर्षं जपलेलं धडधाकट झाड तेलाच्या हिशेबात शून्य. म्हणून लागवडीत खोडाला मुद्दाम भोकं पाडून बुरशी सोडतात. राळ किती धरेल, याची खात्री तरीही नसते.

चंदनाचं तेल मात्र गाभ्यात आणि मुळांत आपसूक साठतं. म्हणूनच ते झाड मुळासकट काढतात. पण ते अर्धपरजीवी आहे, शेजारच्या झाडाच्या मुळांतून पाणी-पोषण घेतं. पाणी साचणारी जमीन त्याला मानवत नाही आणि आपल्याकडचं खाचर पावसाळाभर भरलेलं.

भट्टीत काय होतं?

चंदनतेलातला मुख्य घटक सॅन्टॅलॉल. तो उकळतो सुमारे ३०० अंश सेल्सिअसला. तेवढं तापवलं तर लाकूडच करपेल. मग भुशातून वाफ सोडतात. पाणी आणि तेल मिसळत नाहीत, दोघांच्या बाष्पदाबाची बेरीज होते आणि मिश्रण १०० अंशांच्या किंचित खालीच उकळतं. (इंजिनीअरिंगला हे शिकवतात, वास मात्र कोणी देत नाही.) पुढे थंड नळीत वाफेचं पाणी होतं आणि तेल वर तरंगतं. वाफेबरोबर तेल अगदी थोडं थोडं येतं, त्यामुळे एक घाणा दोन-तीन दिवस चालतो. अगरचा भुसा तर आधी कित्येक दिवस पाण्यात भिजवावा लागतो. चंदनाच्या १०० किलो चांगल्या गाभ्यातून साधारण चार-पाच किलो तेल निघतं, अगरमधून एक किलोही मुश्किलीने.

म्हैसूरचं चंदन पूर्वी जर्मनीत जायचं आणि तेल तिकडे निघायचं. पहिल्या महायुद्धाने ती वाट बंद केली. तेव्हा बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या सडबरो आणि वॉटसन यांनी पद्धत बसवली आणि १९१६ मध्ये तिथेच तेल निघू लागलं.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत चंदन आहे. स्वतःच्या जमिनीतलं झाड तोडायलाही परवानगी लागते, त्यामुळे लागवडीची नोंद सातबारावर करून घ्या. अगरवूड १९९५ पासून आंतरराष्ट्रीय 'साइटीस' कराराच्या यादीत आहे, निर्यातीला कागद लागतात. रोपं विकणाऱ्याला पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा : बुरशी कोण सोडणार, लाकूड कोण घेणार आणि राळ धरलीच नाही तर काय.