काकांची जीप विकताना काय शिकलो

मागच्या भागात सहज बोलून गेलो, की आमच्या काकांची जुनी जीप विकतोय. त्यावर इतक्या जणांनी विचारलं, की म्हटलं आजचा भाग त्यावरच करू.

तर जीप म्हणजे महिंद्राची सीजे-३बी, १९७४ ची. एफ-हेड पेट्रोल इंजिन उंच असल्यामुळे या मॉडेलचं बॉनेटही उंच असतं, लांबूनच ओळखू येतं. काकांनी हौसेने बरंच काही बदललं होतं. रुंद टायर, पुढे जाड लोखंडी गार्ड, विंच. आणि शेवटच्या पासिंगनंतर चक्क पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं. घाटात काय ओढायची! पण गुडघे थकले, तेव्हा काका म्हणाले, "विक आता. पण चांगल्या हातात दे."

दोनच दिवसांत एक मुलगा आला. चक्कर मारली, खूश झाला. "दादा, पैसे आत्ता घ्या, ट्रान्सफरचं नंतर बघू." खरं सांगतो, मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात काकूंनी आरसी हातात दिली. इंधन: पेट्रोल. आणि इंजिन नंबर? तो शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलेल्या इंजिनाचा!

इथे दोन गोष्टी समजून घ्या.

पहिली, मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीच्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. काही बदलांना आरटीओची परवानगी मिळते, पण ती आधी घ्यावी लागते. काकांनी घेतलीच नव्हती. दंड आहे प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद.

दुसरी, हे 'नंतर बघू'. २०१८ च्या नवीन कुमार खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. त्या खटल्यातली गाडी विकून पुढे अनेक हात बदलून गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच आली. म्हणजे उद्या त्या मुलाने कुणाला ठोकलं असतं, तर नोटीस आमच्या ७० वर्षांच्या काकांच्या दारात!

मी त्या मुलाला नाही म्हटलं. मिस्त्रींकडून जुनं इंजिन उघडून दुरुस्त करून घेतलं आणि परत बसवलं. गार्ड काढला, मूळ मापाचे टायर घातले. डिझेल इंजिन आणि विंच वेगळे विकले. यात दोन महिने गेले, आणि सगळा हिशेब केल्यावर हातात पहिल्या ऑफरपेक्षा कमीच पडले.

पण नंतर आलेल्या गिऱ्हाइकाला नेमकी अशीच जीप हवी होती. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अट एकच, गाडी रोज फिरवायची नाही. रॅली, प्रदर्शन अशा कामांपुरतीच. इंजिन, चासी किंवा बॉडीत मोठा बदल असेल तर मात्र हे दार बंद. आम्ही ज्याला 'व्हॅल्यू वाढवणं' समजत होतो, त्यानेच ते बंद केलं होतं.

फॉर्म २९ आणि ३० वर काकांनी स्वतः सह्या केल्या. राज्यातल्या राज्यात विक्री असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. इन्शुरन्सही नव्या मालकाच्या नावावर करायला लावा.

जीप न्यायला आले, तेव्हा काका ओट्यावर बसले होते. पेट्रोल इंजिन सुरू झालं. "हा आवाज विसरलोच होतो रे," एवढंच म्हणाले.

तुमच्याकडे अशी गाडी असेल, तर जाहिरात टाकण्याआधी आरसी हातात घ्या आणि बॉनेट उघडा. नंबर जुळतोय का बघा. आणि काढलेला मूळ पार्ट भंगारात देऊ नका!

चला, भेटू पुढच्या भागात.