जुने घर घेता-विकताना लाकडाची पारख



उसाचे बिल बँकेत जमा झाले की आपल्या कार्यक्षेत्रात घरांचे व्यवहार निघतात. कुणी भावकीतला हिस्सा विकत घेतो, तर कुणी गावठाणातला जुना वाडा. कुणाची मुले पुण्या-मुंबईला स्थायिक झाली म्हणून तो राहते घर काढतो. अशा वेळी आपण सिटी सर्वेचा उतारा बघतो, ग्रामपंचायतीचा नमुना ८ बघतो, बोजा आहे का ते विचारतो. हे सगळे बरोबरच आहे. पण ज्या तुळईखाली उद्या आपली लेकरे झोपणार, ती तुळई आतून भरीव आहे की पोकळ, हे मात्र कोणी बघत नाही.

आमचे काम उसाचे, मग घराच्या लाकडाची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण वाळवी, म्हणजेच उधई, ही आमच्या रोजच्या ओळखीची. हलक्या, माळाच्या रानात लागणीला पाणी लांबले की ती टिपरीच्या कापलेल्या टोकातून आत शिरते, गर खाते, रिकाम्या जागी माती भरते आणि सरीत नांग्या पडतात. वरून टिपरी शाबूत दिसते, उकरून हातात घेतली की नुसती नळी. घराच्या तुळईचे हुबेहूब असेच होते. वाळवीला उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही. म्हणून ती वरचा पापुद्रा तसाच ठेवते आणि आतल्या आत खाते. रंग दिलेली चौकट बाहेरून नवरीसारखी आणि आत काही नाही, असे आम्ही किती घरांत पाहिले आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका सभासदाने जुने पाच खणी माळवदी घर घ्यायचे ठरवले. इसार देऊन झाला आणि मग सहज म्हणून आम्हाला घर दाखवायला नेले. सोप्यातले खांब सागवानी, घोटीव. माजघरात मात्र भिंतीला एक हातभर रुंदीचा नवा गिलावा, जमिनीपासून थेट तुळईच्या टोकापर्यंत. बाकी सगळी भिंत जुनी, धुराने काळवंडलेली. दाभण मागवले आणि तुळई भिंतीत शिरते तिथे टोचले. दाभण मुठीपर्यंत आत गेले. विकणाराही आपलाच सभासद. तो म्हणतो, ‘घर उघडं होतं, बघून घ्यायचं होतं.’ घेणारा म्हणतो, ‘गिलावा मारून झाकलंस.’ इसार पावतीत लाकडाबद्दल एक ओळ नव्हती. व्यवहार मोडला, इसाराचे पैसे निम्मेच परत आले आणि आज दोघांचे फड शेजारी-शेजारी असून तोडीच्या वेळीसुद्धा एकमेकांशी बोलत नाहीत. दहा मिनिटांचे काम इसाराच्या आधी झाले असते तर एवढे झाले नसते.

या कामाला मोठी हत्यारे लागत नाहीत. चांगली बॅटरी, दाभण आणि लहान हातोडी पुरते. सामान मात्र हलवायला लावा. धान्याची कणगी, ट्रंका, जुनी कपाटे यांच्या मागे कोणी वर्षानुवर्षे बघितलेले नसते.

जमिनीतून येणाऱ्या वाळवीची पहिली खूण म्हणजे मातीच्या बारीक नळ्या. जोत्यावरून, भिंतीच्या कोपऱ्यातून, विजेच्या पट्टीमागून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या नळ्या वर चढलेल्या दिसतात. नळी मध्येच बोटभर फोडून ठेवा आणि तीन-चार दिवसांनी परत या. फोडलेला भाग ओल्या मातीने सांधलेला असेल तर वाळवी जिवंत आहे. सांधला नाही म्हणजे गेली, असे मात्र समजू नका. ती वाट बदलते.

मग खांबांचे बूड बघा. खांब दगडी तळखड्यावर उभा असेल तर बरे. पण नंतर फरशी किंवा कोबा करताना तळखडा बुजवून टाकलेला असतो आणि लाकूड जमिनीला टेकते. तिथे हातोडीने हलके ठोका. भरीव लाकूड टणक वाजते, खाल्लेले लाकूड भद्द वाजते. हाच प्रकार उंबऱ्याला, चौकटीच्या खालच्या टोकाला आणि तुळया-वासे भिंतीत शिरतात तिथे करायचा. न्हाणीच्या मागची भिंत आणि कौल गळते त्याखालचा वासा या ओलीच्या जागा सोडू नका. नवा रंग, नवा गिलावा, नवी पट्टी घरभर एकाच ठिकाणी दिसली की विचारा, का केली?

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पाखरे येतात आणि सकाळी खिडकीत पंखांचा खच पडतो. ही वाळवीची की मुंग्यांची, हे ओळखता आले पाहिजे. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात आणि कंबर सरळ. पंखवाल्या मुंगीची कंबर बारीक आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. पाखरे बाहेरून दिव्याला आली तर काळजीचे फारसे कारण नाही. घरातल्या भिंतीतून किंवा चौकटीच्या फटीतून बाहेर पडत असतील तर व्यवहार थांबवा.

लाकडाला वाळवीच खाते असे नाही. वाशाखाली पिठासारखा बारीक भुसा पडत असेल आणि लाकडाला टाचणीच्या टोकाएवढी भोके असतील तर ते लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचे काम. हा घुण सालीलगतच्या पांढरट लाकडात लागतो, बांबूत तर हमखास. सागवानाच्या गाभ्याला तो सहसा शिवत नाही. म्हणून ‘सगळं सागवान आहे’ एवढ्यावर भागत नाही, कोवळे पांढरे लाकूड त्यात किती आहे ते बघावे लागते. करंगळी जाईल असे गोल भोक वाशाला दिसले तर ते काळ्या भुंग्याचे. त्याने सहसा घर पडत नाही. किनारपट्टीच्या भागातून जुने लाकूड विकत आणत असाल तर खाली खसखशीसारखे दाणे पडतात का पाहा. ती कोरड्या लाकडात राहणारी वाळवी, तिला जमिनीशी संबंध लागत नाही आणि ती फर्निचरबरोबर प्रवास करते.

अमेरिकेत घर विकताना बरेचदा कर्ज देणारी संस्था किंवा घेणारा अशा तपासणीचा छापील अहवाल मागतो. वाळवी, लाकूड पोखरणाऱ्या मुंग्या, भुंगे, भुंगेरे यांची नोंद त्यात असते. आपल्या सभासदांची मुले तिकडे घरे घेतात, त्यांना हे ठाऊक असेल. त्या अहवालावर स्पष्ट लिहिलेले असते, की जेवढे डोळ्याला दिसले आणि हाताला लागले तेवढेच यात आहे, ही हमी नव्हे. आपल्याकडे दुय्यम निबंधक असा कागद मागत नाहीत. त्यामुळे भार आपल्यावरच.

कायद्याचा आधार मात्र थोडा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, मालमत्तेतला जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडला नसता, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. शेवटची अट नीट वाचा. भिंतीवर उघडी नळी होती आणि तुम्ही मान वर करून बघितली नाही, तर हे कलम तुमच्या मदतीला येणे कठीण. वेगळा करार केला असेल तर तोही बघितला जातो. म्हणून इसार पावतीतच लिहून घ्या, की लाकडाची तपासणी अमुक दिवसांत होईल आणि दोष निघाल्यास किंमत कमी होईल किंवा इसार परत मिळेल. विकणाऱ्यांनाही आमचे हेच सांगणे. खराब तुळई आधी दाखवून दोन पैसे कमी घ्या, कोर्टाच्या पायऱ्यांपेक्षा ते स्वस्त.

औषधाबद्दल. माळ्यावर कुणाकडे अजून बीएचसी पावडरचा डबा असेल. बीएचसीवर १९९७ साली बंदी आली आणि लिंडेनचा वापर २०१३ पासून बंद आहे. तो डबा घरात पसरू नका. शेतात मारायचे औषध पंपाने घरात मारणे हाही तसलाच प्रकार, तुम्ही त्याच हवेत झोपणार आहात. जळके ऑईल आणि रॉकेल वरच्या पापुद्र्यालाच लागते, वाळवी आत राहते, शिवाय आगीची भीती. उभ्या घराच्या वाळवीसाठी भारतीय मानक ब्युरोचे आय.एस. ६३१३, भाग ३ हे मानक आहे. त्यात भिंतीलगत सुमारे फुटाच्या अंतराने भोके पाडून जमिनीत औषध सोडतात, कारण वारूळ घराखाली किंवा घराबाहेर असते. राणी तिथे खोल बसलेली, वरचे वारूळ फोडून ती मरत नाही. हे काम परवानाधारकाकडून करून घ्या आणि कोणते औषध किती वापरले ते पावतीवर लिहून घ्या.

पाचट जाळू नका, रानात कुजवा, असे आम्ही दरसाल सांगतो. ते रानातच कुजवा. घराच्या भिंतीला टेकवून पाचट, सरपण, शेणी आणि कडब्याची गंज रचली म्हणजे वाळवीला जिनाच बांधून दिला.

जाता जाता एक. लाकडी कपाटात ठेवलेली शेअर सर्टिफिकेटे वाळवीने खाल्ली म्हणून दरसाल काही सभासद कारखान्यावर येतात. उरलेले तुकडे फेकून देऊ नका. नंबराचा तुकडा सापडला तर नोंद शोधणे सोपे जाते. अर्जाबरोबर तो शेअर विभागात आणून द्यावा.

— ऊस विकास अधिकारी