संगणक कोल्हापुरात, पावती गावात!

ऊस काट्यावर गेला की शेतकऱ्याचा अर्धा जीव त्या वजनाच्या पावतीत अडकलेला असतो. टन किती भरले, खताचे किती कापले, सोसायटीच्या कर्जाला किती वळते झाले, हे कागदावर दिसल्याशिवाय आपल्याकडे कुणाचे समाधान होत नाही. आणि का व्हावे? तोंडी हिशेबावर विसंबून आजवर कुणाचे भले झाले आहे?

हिशेब एकीकडे आणि शेतकरी दुसरीकडे, ही अडचण जुनीच. ती सोडवायचा एक मोठा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणानगरच्या सहकारी परिसरात १९९८ साली ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावे त्यात घेतली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून गावोगाव संगणक केंद्रे उभी केली. उसाचा हिशेब बघायला कारखान्यापर्यंत हेलपाटा नको, तो गावातच कळावा, हा त्यातला मुख्य विचार. पुढे २००६-०७ च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या संदेशावर तीच माहिती देऊन बघितली. संगणकाची देखभाल आणि विजेची कटकट, दोन्हीतून सुटका. पण मोबाईलवरचा संदेश काही फायलीत लावता येत नाही. सभासद शेवटी म्हणतोच, “तेवढं कागदावर द्या की वो!”

आता आजच्या कामाकडे या. समजा, तुमच्या दूध संस्थेचा जमाखर्च कोल्हापुरातल्या एका संगणकावर ठेवला आहे आणि सचिव भुदरगडातल्या गावातून इंटरनेटवरून तोच संगणक चालवतात. यात गावच्या पडद्यावर दिसते ते नुसते चित्र. काम होते ते तिकडे. म्हणून सचिवांनी गावात बसून छपाईचा हुकूम दिला, तर कागद बाहेर पडतो कोल्हापुरातल्या प्रिंटरमधून! सभासद इथे ताटकळत उभा आणि त्याच्या कर्जखात्याचा उतारा तिथे टेबलावर उघडा, येणारा-जाणारा वाचतोय. गावात कुणाच्या खात्यावर किती बाकी आहे ही गोष्ट किती नाजूक असते, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

याला उपाय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. विंडोजमधल्या रिमोट डेस्कटॉपचा मामला असेल तर जोडणी करण्याआधी ‘शो ऑप्शन्स’ उघडा, ‘लोकल रिसोर्सेस’वर जा आणि ‘प्रिंटर्स’पुढच्या चौकोनात खूण करा. मग जोडा. तिकडच्या संगणकाच्या यादीत तुमच्या गावचा प्रिंटर ‘रिडायरेक्टेड’ असा शब्द लागून दिसेल. त्याच्यावर छापले की कागद इथे बाहेर येईल. प्रिंटर मात्र आधी तुमच्या गावच्या संगणकावर नीट चालत असला पाहिजे. घरचे भांडण पावण्याला मिटवायला सांगून जमत नाही, तसेच हे! जोडणी झाल्यावर प्रिंटर चालू केला आणि तो यादीत दिसेना, तर जोडणी तोडून पुन्हा करा. तरीही दिसत नसेल तर तिकडच्या व्यवस्थापकाने ही सोय बंद ठेवलेली असू शकते. त्याला फोन करा, उगाच प्रिंटरला दोष देऊ नका.

खरी कसोटी लागते ती सुयांच्या जुन्या प्रिंटरची, म्हणजे डॉट मॅट्रिक्सची. कार्बनवर दोन प्रती काढायच्या तर त्याच्यासारखा गडी नाही, म्हणून संस्था तो सोडत नाहीत. पण दुरून आलेली अक्षरे पुष्कळदा त्याच्याकडे चित्राच्या रूपात येतात. मग तो रेटत बसतो आणि छपाई फिकट निघते. डॉसवरची जुनी जमाखर्चाची प्रणाली असेल, तर तिला हा दूरचा प्रिंटर आपणहून दिसतच नाही. तिथे जाणकार माणूस बसवून एकदा जोडून घ्यावे लागते.

ज्यांना ही सगळी खटपट नको, त्यांनी कागदाची पीडीएफ तिकडेच तयार करावी, ती आपल्या संगणकावर आणावी आणि इथे छापावी. एक पायरी वाढते, पण आमच्या मते छोट्या संस्थेला हाच मार्ग बरा. नेमके काय छापले जाणार ते आधी डोळ्यांनी बघता येते. वर्डची फाईल मात्र तशीच आणू नका. त्यातला मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या टंकात असला आणि तो टंक गावच्या संगणकावर नसला, तर सभासदाच्या नावाच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. सातबाऱ्याचेही बघा. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाईन मिळतो, तो पीडीएफच असतो. नोंद सरकारी यंत्रात, छपाई तुमच्या गावात.

आणखी एक गोष्ट, ही छपाईपेक्षा मोठी. दुरून संगणक चालवायला देणारी ॲप्स चोरही वापरतात. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच अशा ॲपवरून होणाऱ्या फसवणुकीचा इशारा बँकांना दिला होता. “प्रिंटर दुरुस्त करून देतो, एवढं ॲप घ्या आणि नंबर सांगा,” असा अनोळखी फोन आला तर सरळ ठेवून द्या. ओळखीच्या माणसाला संगणक दिलाच, तर काम होईपर्यंत समोर बसून राहा आणि नंतर जोडणी तोडा. संस्थेचा पासवर्ड प्रिंटरवर चिठ्ठी डकवून लिहिलेला असेल, तर ती चिठ्ठी आज काढा.

ही जुळणी ऑडिटच्या आदल्या रात्री करायला बसू नका. दूध संकलन आटोपल्यावर, गर्दी नसताना, एका पानाची चाचणी घ्या. खऱ्या सभासदाचे खाते नको, नुसते संस्थेचे नाव छापून बघा. आणि वीज गेली तर प्रिंटर अर्ध्यावर थांबेल. पुन्हा हुकूम देण्याआधी यादीत तोच कागद अडकलेला आहे का ते बघा, नाहीतर वीज आल्यावर एकाच पावतीच्या दोन प्रती निघतील आणि सभासद विचारेल, “यातली खरी कुठली?”