अर्ध्या मिलिमीटरचा मित्र आणि शेतकऱ्याची शाळा

बोंडअळीची मादी पतंग कपाशीच्या कोवळ्या पानावर खसखशीच्या दाण्याहून लहान अंडं घालते आणि उडून जाते. त्यातून अळी निघायला तीन-चार दिवस लागतात. या अवधीत त्या अंड्याचा माग काढत ट्रायकोग्रामा नावाच्या कीटकाची मादी तिथे पोहोचते. गांधीलमाशीच्या गोतावळ्यातला हा कीटक, लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पतंगाच्या अंगावरून झडलेल्या खवल्यांचा वास तिला वाट दाखवतो. अंड्यावर चढून ती मिशांनी ते चाचपते, त्यावरून चालते आणि चालायला किती वेळ लागला त्यावरून अंडं केवढं आहे हे जोखते. लहान असेल तर आपलं एखादंच अंडं आत सोडते, मोठं असेल तर जास्त. पुढे त्यातून अळी बाहेर येतच नाही. अंडं काळं पडतं आणि त्यातून ट्रायकोग्रामाची पुढची पिढी उडते.

हाच कीटक शेतकऱ्याला ट्रायकोकार्डवर मिळतो. तांदळावर पडणाऱ्या पतंगाची सुमारे 20,000 अंडी एका कार्डावर चिकटवलेली असतात आणि त्यांतल्या बहुतेकांत ट्रायकोग्रामा वाढत असतो. कार्डाच्या पट्ट्या कापायच्या आणि पानांच्या खालच्या बाजूला टाचायच्या. ऐकायला सोपं आहे. पण पट्टी भर उन्हात लावली, तर कोवळा जीव तगत नाही. मुंग्या लागल्या, तर त्या सगळं फस्त करतात. शेजारच्या शेतातल्या फवाऱ्याचे तुषार उडून आले, तर मित्रकीटक आधी मरतो. आणि पानावर अळी दिसल्यावर कार्ड आणायला धावलं, तर उपयोग शून्य, कारण ट्रायकोग्रामाला हवं असतं अंडं. म्हणजे कामगंध सापळ्यात पतंग कधी पडू लागले यावर रोज नजर हवी, पानं उलटून अंडी शोधता यायला हवीत आणि ती नक्की कोणाची हेही ओळखता यायला हवं.

सेंद्रिय शेतकऱ्याच्या शिक्षणाचा विचार मला इथून सुरू करावासा वाटतो. रासायनिक कीटकनाशकाच्या बाटलीत बरंचसं ज्ञान कारखान्यातच भरलेलं असतं. पंपाला किती मिली घालायचं ते लेबलवर छापलेलं असतं आणि दुकानदारही सांगतो. बाटली बाजूला ठेवायची, तर ते ज्ञान शेतकऱ्याच्या डोळ्यांत आणि डोक्यात यावं लागतं. रसायनांच्या जागी शेण-गोमूत्र आलं की सेंद्रिय शेती झाली, हा समज मला फार नुकसानकारक वाटतो. शेण-गोमूत्राचं जीवामृत कसं करायचं ते दहा मिनिटांत सांगून होतं. जमिनीत आणि पिकावर जे जग नांदतं त्याची ओळख व्हायला अनेक हंगाम लागतात.

जमिनीखाली तर याहून मोठं नवल आहे. सोयाबीन पेरून महिना-सव्वा महिना झाला की एक रोप मातीसकट अलगद काढावं, मुळं पाण्यात धुवावीत आणि मुळावरची एक गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-तांबूस रंग दिसला, तर रायझोबियम जिवाणू कामाला लागले आहेत. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्ताला तांबडेपणा देणाऱ्या द्रव्याच्या भाऊबंदाचा. हवेतला नत्र बांधणारं जिवाणूंचं विकर प्राणवायूच्या संपर्कात निकामी होतं, पण श्वसनासाठी जिवाणूंना प्राणवायू तर हवाच. वनस्पती हा रंगीत पदार्थ गाठीत तयार करते आणि प्राणवायू अगदी मोजून-मापून पुरवते. गाठ आतून हिरवट किंवा तपकिरी निघाली, तर तिचं काम थांबलं आहे. खतावर किती खर्च करायचा याचा अंदाज एका नखाच्या टोकावर येतो, आणि तरीही असंख्य सोयाबीन उत्पादकांना ही गाठ फोडून पाहायला कोणी कधी सांगितलेलं नसतं.

याच जिवाणूंचं संवर्धक पाकिटात मिळतं, पण सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला चालत नाही, दोघांचे जिवाणू वेगळे. पाकिटात जिवंत वस्ती असते. ते कडक उन्हात दुचाकीच्या डिकीत तासन्‌तास राहिलं की जिवाणू मरतात आणि उरते नुसती भुकटी. बियाण्याला ते चोळल्यावर सावलीतच सुकवायचं, तेही याच कारणासाठी.

काडीकचऱ्याचा हिशेबही असाच. गव्हाच्या काडात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे सुमारे 80 भाग असतात, तर जमिनीतल्या जिवाणूंना खाद्यात सुमारे 24 भाग कर्बामागे एक भाग नत्र लागतो. पेरणीच्या तोंडावर भरपूर काड गाडलं, तर कमी पडणारा नत्र जिवाणू मातीतून उचलतात आणि पीक पिवळं पडतं. शेतकरी म्हणतो, सेंद्रियचं काही खरं नाही. खरं तर जिवाणूंनी नत्र उसना घेतलेला असतो, काड कुजल्यावर ते तो परत करतात. ताग आणि धैंचा फुलोऱ्याच्या सुमारास गाडायला सांगतात त्यामागेही हेच गणित आहे. त्यानंतर खोड कठीण होत जातं आणि कर्बाचं पारडं जड होतं.

हे गणित उकिरड्याला लावून दाखवलं ते इंदूरला. अल्बर्ट हॉवर्ड 1905 मध्ये बिहारातल्या पुसा इथे आले आणि 1924 ते 1931 या काळात इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ, अनेक संशोधनांत बरोबरीच्या भागीदार. शेतातला कचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर लावायचे, ढीग ठरावीक दिवसांनी उलथायचा, की साधारण तीन महिन्यांत खत तयार. ही इंदूर पद्धत जगभर गेली. तिची मांडणी करणारं 1931 चं इंग्रजी पुस्तक हॉवर्ड यांनी यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर लिहिलं. जगातल्या सेंद्रिय चळवळीच्या पायाशी असलेल्या एका पुस्तकावर हे नाव आहे, आणि आपल्याला ते ठाऊक नसावं याचं मला वाईट वाटतं. चांगल्या ढिगाचं तापमान 55 ते 65 अंशांपर्यंत चढतं आणि त्या उष्णतेत तणांचं बी व रोगजंतू बरेचसे मरतात. ढीग तापला का हे पाहायला लोखंडी सळई पुरते: आत खुपसून थोड्या वेळाने काढली की हाताला चटका बसायला हवा. हॉवर्ड यांनी इथले शेतकरी आणि किडी यांनाच आपले गुरू मानलं होतं. तसं त्यांनी लिहूनही ठेवलं आहे.

किडीला गुरू करणारी शाळा पुढे खरोखरच भरली, ती इंडोनेशियात. तिथे भातावर तपकिरी तुडतुड्यांनी हाहाकार माजवला होता. जितकी फवारणी जास्त, तितके तुडतुडे जास्त. कारण तुडतुड्याची मादी अंडी भाताच्या पर्णकोषाच्या आत घालते, तिथे औषध पोहोचत नाही, आणि मरतात ते तुडतुडे खाणारे कोळी. अंड्यांतून पुढची पिढी निघते तेव्हा तिला खाणारं कोणी उरलेलं नसतं. 1986 मध्ये सरकारने भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. पण बंदीने पीक वाचवायची विद्या येत नाही. म्हणून 1989 पासून जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. सुमारे 25 शेतकरी आठवड्यातून एकदा सकाळी बांधावर जमत, पेरणीपासून कापणीपर्यंत.

या शाळेची रीत अफलातून होती. गटाने शेतात उतरायचं, चूड मोजायचे, किडी मोजायच्या आणि मोठ्या कागदावर रोपाचं चित्र काढायचं. एका बाजूला शत्रुकीटक, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक, शेजारी पाणी आणि ऊन. मग चर्चा करून ठरवायचं, या आठवड्यात काही करायचं की नुसतं थांबायचं. शेतकऱ्याने किडा दाखवून "हा कोणता?" असं विचारलं, तर प्रशिक्षक नाव सांगत नसे. तो उलट विचारी, "कुठे सापडला? काय खात होता?" उत्तर येत नसेल, तर कोळी आणि तुडतुडे एका बरणीत ठेवून कोळी दिवसाला किती तुडतुडे फस्त करतो ते मोजायचं. आणखी एक प्रयोग मला फार आवडतो. रोपं लहान असताना काही पानं मुद्दाम कात्रीने कापायची, जणू अळीनेच खाल्ली, आणि कापणीला उतारा मोजायचा. सुरुवातीला कापलेली पानं रोप भरून काढतं, उत्पन्नात फारसा फरक पडत नाही. एवढं एकदा स्वतःच्या हाताने पाहिलेला शेतकरी पुढे भोकं पडलेलं पान दिसलं की पंपाकडे धावत नाही. या शाळा कीड व्यवस्थापनाच्या होत्या, पूर्ण सेंद्रिय शेतीच्या नव्हेत. पण सेंद्रिय शेतकऱ्याला नेमकी हीच नजर लागते. पुढे ही पद्धत 90 हून अधिक देशांत पोहोचली.

आपल्याकडेही ही परंपरा परकी नाही. गणिताचे प्राध्यापक असलेले श्रीपाद दाभोलकर यांनी प्रयोग परिवारातून शेतकऱ्यांना स्वतः प्रयोग करायला, मोजायला, नोंदी ठेवायला आणि त्या एकमेकांना सांगायला लावलं. द्राक्ष बागायतदारांनी त्यातून खूप घेतलं. आज कृषी विभागही शेतीशाळा घेतो. जिथे ती हंगामभर टिकते आणि वावरात भरते, तिथे लोक खरोखर शिकतात. जिथे सभागृहात स्लाइडा, चहा-नाश्ता आणि गटाचा फोटो एवढ्यावर ती उरकते, तिथून निंबोळी अर्काची कृती तेवढी घरी जाते. मग शेतकरी तो भर दुपारी फवारतो आणि दुसऱ्या सकाळी मेलेल्या अळ्या शोधतो. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन हे कीडरोधक द्रव्य उन्हात विघटन पावतं, म्हणून फवारणी संध्याकाळी करायची असते. शिवाय ते अळीचं खाणं आणि कात टाकणं बिघडवतं, लगेच मारत नाही. हे न कळल्यामुळे कित्येकांनी निंबोळी अर्काला नावं ठेवली.

माल सेंद्रिय असल्याच्या प्रमाणीकरणासाठीही शिक्षण लागतं. सहभाग हमी पद्धतीत शेजारचे शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात. रासायनिक शेतीतून सेंद्रियात रूपांतराचा काळ दोन-तीन वर्षांचा, आणि त्यात बियाणं, निविष्ठा, शेजारून येणारं पाणी, विक्री अशा सगळ्याची नोंद लागते. ज्याला वहीची सवय नाही त्याचा माल अस्सल असूनही बाजारात सेंद्रिय ठरत नाही.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगायची आहे. खुरपणी, विरळणी, कापूस वेचणी ही कामं आपल्याकडे मुख्यतः बायका करतात. पिकाच्या सगळ्यात जवळ, दिवसाचे सगळ्यात जास्त तास त्याच असतात, त्यामुळे पानामागचं अंडं आधी त्यांना दिसतं. तरी प्रशिक्षणाचं पत्र जातं सातबाऱ्यावर नाव असलेल्याला, आणि वर्ग भरतो सकाळी अकराला, त्या मजुरीला गेलेल्या असताना. शेतीशाळा ठरवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: वेळ त्यांना विचारून ठरवा, वर्ग त्यांच्या ओळीत भरवा, त्या दिवसाची मजुरी बुडणार असेल तर ती भरून द्या, आणि प्रत्येकीच्या हातात एक भिंग द्या.