हाताने शिकावयाचा इतिहास : कोल्हापुरातील मुलांचे कृतिशील उपक्रम आणि पुराव्याचा विचार

प्रस्तावना

मराठी प्रदेशातील इतिहाससंशोधनाच्या संस्थात्मक परंपरेस शतकाहून अधिक काळ लोटला आहे. १९१० मध्ये पुणे येथे भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळे येथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. दप्तरे मिळविणे, ती वाचणे व प्रसिद्ध करणे हे या संस्थांचे प्रधान कार्य होते आणि त्यांचा वाचक प्रामुख्याने अभ्यासक होता. पाश्चात्त्य देशांत मात्र स्थानिक इतिहासाच्या कार्यात मुलांना हळूहळू स्वतंत्र स्थान मिळाले. स्वीडनमध्ये आर्थर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये स्टॉकहोम येथे 'स्कान्सेन' हे खुले संग्रहालय उभारले. अमेरिकेत १९७४ मध्ये क्लीव्हलँड येथे शालेय विद्यार्थ्यांच्या इतिहाससंशोधनाची 'नॅशनल हिस्टरी डे' ही स्पर्धा सुरू झाली.

आपल्याकडे मुलांसाठी असे काही नाही, असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे ठरेल. कोल्हापुरात मुले इतिहास हाताने करीत आली आहेत. त्या कृतीला पुराव्याची जोड कशी देता येईल आणि त्यात महाविद्यालयांचा वाटा कोणता असावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कोल्हापुरातील कृतिशील परंपरा

दिवाळीच्या सुमारास गल्लीगल्लीत उभे राहणारे मातीचे किल्ले हे या परंपरेचे सर्वांत व्यापक उदाहरण होय. दगड-विटा रचून त्यांवर गोणपाट पसरणे, चिखलाचा लेप देणे, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवणे आणि शेवटी मावळ्यांची मातीची चित्रे मांडणे, हे सारे काम मुले एकमेकांकडून शिकतात. त्यासाठी शिक्षक लागत नाही व परीक्षाही होत नाही.

दुसरी परंपरा मर्दानी खेळांची. लाठी, दांडपट्टा, विटा, फरी-गदगा हे प्रकार कोल्हापूरच्या आखाड्यांतून आजही शिकविले जातात. तिसरी परंपरा पन्हाळगड ते पावनखिंड या पावसाळी पदभ्रमणाची. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज जुलै १६६० मध्ये विशाळगडाकडे निघाले. त्या मार्गाने दरवर्षी विविध संस्था व मंडळे चालत जातात. चिखल, धुके आणि ओढे ओलांडताना त्या रात्रीचा बिकटपणा शरीराला कळतो. पाठ्यपुस्तकातील परिच्छेद हे काम करू शकत नाही.

कृती आणि इतिहास यांतील अंतर

तथापि, केवळ हाताने केले म्हणून कोणतीही कृती इतिहास ठरत नाही. दिवाळीतील बहुतेक किल्ल्यांचा आराखडा एकाच ठशाचा असतो : शिखरावर सिंहासन, पायथ्याशी मावळे, मध्ये वळणाचा रस्ता. गडावर पाणी कोठून येत असे, धान्य कोठे साठवीत, शिबंदी किती असे, हे प्रश्न त्यात उद्भवत नाहीत. अनेक दशके आपल्या राज्यातील मुलांनी इयत्ता चौथीत शिवछत्रपतींचे चरित्र अभ्यासले. त्यातून निर्माण होणारा आदर मोलाचा आहे. परंतु 'हे आपणांस कसे कळले?' हा प्रश्न त्या आदरासोबत रुजला नाही, तर पुढे महाविद्यालयात येणारा विद्यार्थी इतिहासातील मतभेदाकडे अपमान म्हणून पाहू लागतो. पुराव्याची सवय बालवयात लागणे हा म्हणूनच अध्यापनशास्त्रापुरता मर्यादित प्रश्न नाही. सार्वजनिक विवेकाशीही त्याचा संबंध आहे.

यावर एक साधा उपाय सुचविता येईल. किल्ला पूर्ण झाल्यावर मुलांनी त्याच्या प्रत्येक भागास एक चिठ्ठी लावावी व तीवर चारांपैकी एक शब्द लिहावा : पाहिले, वाचले, ऐकले किंवा तर्क केला. तटाचा बुरूज 'पाहिले' या सदरात येईल, वेढ्याचा प्रसंग 'वाचले' या सदरात. आजोबांनी सांगितलेली भुयाराची कथा 'ऐकले' ठरेल आणि सैनिकांच्या झोपड्या बहुधा 'तर्क' ठरतील. साधनांचे वर्गीकरण हा इतिहासपद्धतीचा पहिला पाठ आहे. तो दहा वर्षांच्या मुलासही झेपतो.

स्थानिक साधनांची तीन क्षेत्रे

अशा अध्ययनास लागणारी साधने कोल्हापुरात विपुल आहेत. त्यांपैकी तीन येथे विचारात घेतली आहेत.

पहिले क्षेत्र ब्रह्मपुरीचे. पंचगंगेच्या काठावरील या टेकाडावर १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष त्यातून उजेडात आले. याच टेकाडात मिळालेल्या ब्राँझ वस्तूंमध्ये ग्रीक समुद्रदेव पोसायडन याची लहान मूर्ती आहे. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे ही मूर्ती कशी आली? या एका प्रश्नातून कोकणची बंदरे, घाटवाटा आणि रोमन जगाशी चालणारा व्यापार मुलांपुढे उलगडू शकतो. टाउन हॉल वस्तुसंग्रहालयातील भेट धावती न ठेवता प्रत्येक मुलाने एकच वस्तू निवडून तिचे रेखाटन केले, माप, द्रव्य व झीज यांची नोंद केली, तर पाहणे म्हणजे काय हे त्यास समजेल.

दुसरे क्षेत्र पन्हाळगडाचे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत पन्हाळ्याचा अंतर्भाव आहे. या गडाचा इतिहास शिलाहार राजा दुसरा भोज याच्यापासून आदिलशाही, शिवकाल, ताराबाईंची कारकीर्द आणि १८४४ चा गडकऱ्यांचा उठाव येथपर्यंत पसरलेला आहे. तीन दरवाज्यावरील फारसी शिलालेख पाहिला की एका गडाचे अनेक धनी होऊन गेले, हे मुलांच्या ध्यानी येते. अंबरखान्यातील कोठारांची लांबी, रुंदी व उंची मोजून त्यांत किती धान्य मावेल याचा हिशेब गणिताच्या तासाला करता येईल. त्या हिशेबातून १६६० च्या वेढ्याचा प्रश्न नव्याने उभा राहतो : धान्य होते, तर गड सोडण्याची निकड कशातून निर्माण झाली?

तिसरे क्षेत्र मोडी कागदांचे. कोल्हापूरच्या पुरालेखागारात करवीर संस्थानची दप्तरे जतन केलेली आहेत. स्वतःचे नाव मोडीत लिहिण्यापासून आरंभ केल्यास लिपीची भीती मोडते. पुढील पायरीवर राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा, रिक्त होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारा आदेश वाचावा. कोणी लिहिले, कोणास उद्देशून, केव्हा आणि का, हे चार प्रश्न विचारले की आदेश पाठांतराचा विषय राहत नाही, एका काळाची साक्ष बनतो.

मर्यादा व दक्षता

या उपक्रमांत काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. संरक्षित स्मारकांच्या परिसरात मुलांकडून कोणतेही खोदकाम होता कामा नये. १९५८ चा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा त्यास प्रतिबंध करतो. उत्खननाची पद्धत शिकवावयाची असल्यास शाळेच्या आवारात वाळूच्या पेटीत थर रचून, फुटक्या आधुनिक मडक्यांचे तुकडे पुरून ती शिकविता येते. मूळ कागद हाताळण्यास न देता त्यांच्या प्रती वापराव्यात. मर्दानी खेळ शिकविताना शस्त्राबरोबर ते घडविणाऱ्या लोहाराचे, चर्मकाराचे व सुताराचे श्रमही सांगावेत. अन्यथा भूतकाळ म्हणजे केवळ युद्ध, असा ग्रह होतो.

महाविद्यालयांची भूमिका

शालेय शिक्षकांजवळ वेळ अपुरा असतो आणि संग्रहालयांजवळ मनुष्यबळ. ही उणीव महाविद्यालयीन इतिहास विभाग भरून काढू शकतात. पदवी वर्गातील विद्यार्थी प्रकल्प लिहितात व ते बहुधा कपाटात पडून राहतात. त्याऐवजी एका विद्यार्थ्याने पाच शाळकरी मुलांसह एका वास्तूचा अभ्यास केला, तर दोघांचेही अध्ययन होईल. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांच्या आठवणी घराघरांतून नोंदवून घेणे, भिंतींवरील पाण्याच्या खुणा मोजणे आणि त्या शासकीय नोंदींशी ताडून पाहणे, हा अशा सहकार्याचा उत्तम आरंभ होऊ शकेल. यात मुलांना पुराव्यासाठी दूर जावे लागत नाही.

समारोप

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने ज्ञाननिर्मितीत मुलांच्या सहभागाचा आग्रह धरला आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने अनुभवाधारित अध्ययनावर भर दिला. इतिहासाच्या बाबतीत हा अनुभव कोल्हापूरच्या मुलांना गल्लीतच उपलब्ध आहे. त्यांच्या हातात माती आहे, पायाखाली गडाची वाट आहे. 'हे कशावरून?' हा प्रश्न त्यांच्या तोंडी यावा, एवढीच जोड आपणांस द्यावयाची आहे, आणि ती देण्याचे दायित्व इतिहासाच्या अध्यापकांवर येते.