सभागृहाची वेळ आणि हिंदू संहिता विधेयक

लोकसभेची बैठक सर्वसाधारणपणे सकाळी अकरा वाजता सुरू होते आणि सायंकाळी सहा वाजता संपते. तोवर चर्चा पुरी झाली नाही, तर अध्यक्ष सभागृहाचा कल जाणून घेऊन वेळ वाढवितात. त्यासाठी निराळा कायदा लागत नाही. एकदशांश सदस्यांची गणपूर्ती टिकली म्हणजे झाले. एप्रिल २०२५ मध्ये वक्फ सुधारणा विधेयकावर आधी लोकसभा व दुसऱ्या दिवशी राज्यसभा मध्यरात्र उलटून गेल्यावरही चर्चा करीत होती. त्या विधेयकाविषयी कोणाचे मत काहीही असो, सरकारने मनावर घेतले म्हणजे घड्याळ आड येत नाही, हे त्यातून दिसले. याउलट, अर्थसंकल्पात नियोजित वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविनाच मताला टाकल्या जातात. तिसरा प्रकार म्हणजे चर्चा अर्धवट ठेवून विधेयक मरू देणे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वाट्याला हा तिसरा प्रकार आला. हिंदू संहिता विधेयक ११ एप्रिल १९४७ रोजी मांडले गेले. राजीनाम्यानंतरच्या निवेदनात बाबासाहेबांनी त्याला मिळालेल्या दिवसांचा हिशेबच दिला आहे : १९४९ च्या फेब्रुवारीत चार, मार्चमध्ये एक, एप्रिलमध्ये दोन आणि डिसेंबरमध्ये एक. १९५० साली एकही नाही. १९५१ च्या फेब्रुवारीत तीन. त्यानंतर १७ सप्टेंबर १९५१ रोजी ते पुन्हा चर्चेला आले. (मराठवाडा मुक्तीला त्याच दिवशी तीन वर्षे पूर्ण होत होती.) निवडणुका तोंडावर होत्या, विरोधकांची भाषणे लांबत होती. वेळ अपुरी आहे, तेव्हा निदान विवाह व घटस्फोटाचा भाग तरी संमत करू, असे पंतप्रधान नेहरूंनी सुचविले. बाबासाहेबांनी तेही मान्य केले. पुढे दोन-तीन दिवसांतच तो भागही सोडून देण्याचे ठरले. तोवर चार कलमे संमत झाली होती.

वेळ खरोखरच नव्हती काय? त्याच निवेदनात एक बोलका तपशील आहे. काँग्रेस पक्षाच्या बैठकीत या विधेयकाची ४४ कलमे सुमारे साडेतीन तासांत संमत झाली होती. सभागृहातही ज्या कलमांवर मतविभागणी झाली, तेथे बहुमत विधेयकाच्याच बाजूने होते. मते होती आणि बैठकीची वेळ वाढविण्याची मुभाही होती. माझ्या मते, उणीव होती ती पक्षातील विरोध पत्करून सदस्यांना बसवून ठेवण्याच्या निश्चयाची.

बाबासाहेबांनी २७ सप्टेंबरला राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये त्याची कारणे सांगणारे निवेदन सभागृहात करण्यापूर्वी त्याची प्रत आधी द्यावी, असा आग्रह पीठासनावरून धरण्यात आला. ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांच्या हाती दिले.

पुढे त्या विधेयकाचा आशय १९५५ आणि १९५६ मध्ये वेगवेगळ्या चार कायद्यांच्या रूपाने आला. नावात ‘हिंदू’ असले तरी हे कायदे बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहेत. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी कोणाच्या मुलीचे नाव वडिलांच्या पश्चात वसमत किंवा कळमनुरीच्या एखाद्या सातबाऱ्यावर वारस म्हणून लागते, तेव्हा त्यामागे १९५६ चा उत्तराधिकार कायदा असतो. तो संमत झाला त्या वेळी बाबासाहेब राज्यसभेचे सदस्य होते; मंत्रिपद सोडून त्यांना साडेचार वर्षांहून अधिक काळ लोटला होता.