मद्यपाशमुक्ती : रुग्णालयानंतरचा उपचार

देयक चुकते करून रुग्ण घरी गेला म्हणजे मद्यपाशावरील उपचार संपला, असे नव्हे. खरी कसोटी तेथूनच सुरू होते. त्या काळात ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या सभा मोठा आधार देतात. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली ही चळवळ १९५७ मध्ये भारतात आली. सभासदत्वास शुल्क नाही. मद्यपान थांबविण्याची इच्छा, एवढीच अट. बंद सभा केवळ मद्यपाशात सापडलेल्यांसाठी असते. खुल्या सभेस आप्तही बसू शकतात. एका गटात मन रमले नाही, तर दुसरा पाहावा. सभा हा औषधोपचारास पर्याय मात्र नव्हे. नित्याचे मद्य एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतू शकते. रुग्णास घरी नेण्यापूर्वीच नजीकच्या सभेचा वार, वेळ व स्थळ विचारून ठेवावे, ही नातेवाइकांस नम्र विनंती.